संकल्प आणि पडताळणी : अल्पवयीनांना मद्यापासून दूर ठेवण्याच्या सामाजिक प्रयत्नांचा इतिहास

जैन श्रावकाचारात मद्यत्यागाला पहिल्या पायरीचे स्थान आहे. सात व्यसनांच्या गणनेत मद्याचा उल्लेख जुगार व मांसाहार यांच्या जोडीने येतो. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त मद्य, मांस व मधू यांचा त्याग आणि पाच अणुव्रते मिळून श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त मद्याने मन मोहित होते, मोहित मनुष्य धर्म विसरतो आणि धर्म विसरलेला मनुष्य निःशंकपणे हिंसेकडे वळतो, अशी कारणपरंपरा मांडली. विसाव्या शतकात आचार्य तुलसी यांनी १९४९ साली सुरू केलेल्या अणुव्रत आंदोलनाने व्यसनमुक्तीचा संकल्प जैन समाजाच्या बाहेरही नेला. पाठशाळांतील संस्कारवर्ग, चातुर्मासातील प्रवचने व युवक शिबिरे यांतून हाच संकल्प पिढ्यान्‌पिढ्या मुलांपर्यंत पोहोचवला जात आहे.

याच परंपरेने व्रताच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट आवश्यक मानली, ती म्हणजे प्रतिक्रमण. घेतलेले व्रत पाळले गेले की नाही, कोठे अतिचार घडला, याची तपासणी दररोज, दर पंधरवड्याला, दर चातुर्मासाला आणि वर्षातून एकदा करावी, असा दंडक आहे. व्रत घेतले म्हणजे ते पाळले गेलेच, असे शास्त्राने कधीही गृहीत धरले नाही. व्यक्तीच्या व्रताला लावलेली ही कसोटी सामाजिक उपक्रमांना मात्र फार उशिरा लावली गेली. मुलांना दारूपासून वाचवण्यासाठी संस्थांनी सभा घेतल्या, पुस्तके वाटली, प्रतिज्ञा घेतल्या. परंतु त्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न बहुधा विचारलाच गेला नाही. तो प्रश्न कसा पुढे आला आणि त्याच्या उत्तरांनी सज्जनांच्या समजुतींना कसे धक्के दिले, याचा इतिहास बोधप्रद आहे. तो प्रामुख्याने अमेरिकेत घडला, कारण प्रयत्नांच्या व अपयशांच्या नोंदी तेथे सर्वांत तपशीलवार ठेवल्या गेल्या.

पाठ्यपुस्तकांतील मद्यनिषेध

अमेरिकेत १८७४ साली क्लीव्हलँड येथे स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यनिषेध संघाची स्थापना झाली. नवऱ्याच्या दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या असंख्य स्त्रियांचे दुःख या संघाच्या मुळाशी होते. १८७९ पासून फ्रान्सिस विलर्ड यांच्या अध्यक्षतेखाली ही त्या देशातील स्त्रियांची सर्वांत प्रभावी संघटना बनली. महाराष्ट्राशी या चळवळीचा धागा थेट जुळतो. १८८६ च्या मार्च महिन्यात पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास पोहोचल्या आणि त्यानंतरच्या वास्तव्यात त्यांचा या संघाशी निकटचा संबंध आला. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथातून त्यांनी अमेरिकन स्त्रियांच्या संघटित कार्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली.

या संघात मुलांच्या शिक्षणाची बाजू मेरी हंट या शिक्षिकेने सांभाळली. प्रौढ मद्यपी सुधारणे कठीण, तेव्हा दारूची चव लागण्यापूर्वीच मुलांना सावध करावे, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी कायद्याचा मार्ग धरला. १८८२ साली व्हर्माँट राज्याने शाळांतून मद्याच्या दुष्परिणामांचे शिक्षण सक्तीचे केले आणि शतक पालटेपर्यंत देशभर असे कायदे झाले. पाठ्यपुस्तकांना संघाची मान्यता मिळवायची तर शरीरशास्त्राच्या पुस्तकाचा ठरावीक भाग, खालच्या इयत्तांसाठी सुमारे चतुर्थांश, मद्य व अमली पदार्थांना द्यावा लागे. प्रकाशकांना ही मान्यता डावलणे परवडत नसे. संपूर्ण देशातील शाळकरी मुलांपर्यंत एकच संदेश पोहोचवण्याचा एवढा मोठा प्रयत्न तोवर कोठेही झालेला नव्हता.

परंतु त्या संदेशात भय अधिक व तथ्य कमी होते. मद्याचा एक घोटही विषच होय आणि त्याचा शरीराला कोणत्याही प्रकारे उपयोग होत नाही, अशी विधाने पुस्तकांतून निःसंदिग्धपणे केली जात. १८९३ साली, म्हणजे ज्या वर्षी वीरचंद राघवजी गांधी यांनी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन दर्शन मांडले त्याच वर्षी, अमेरिकेतील काही शास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ व विचारवंतांनी ‘पन्नासांची समिती’ स्थापन करून मद्याच्या प्रश्नाचा निःपक्षपाती अभ्यास हाती घेतला. विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने प्रयोगांद्वारे असे दाखवले, की अल्प प्रमाणातील मद्याचे शरीरात ज्वलन होऊन त्यातून ऊर्जा मिळते. मद्य प्यावे, असा त्यांचा सल्ला नव्हता. मुलांना असत्य शिकवू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या समितीच्या अहवालाने पाठ्यपुस्तकांतील अतिशयोक्तीवर कठोर टीका केली आणि पुढच्याच वर्षी मेरी हंट यांनी तिला तितकेच कठोर उत्तर दिले.

या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. पुस्तके किती, त्यांत पाने किती, विधाने खरी की खोटी, याची चर्चा झाली. मात्र ही पुस्तके शिकलेली मुले पुढे दारू प्यायली की नाही, हे पद्धतशीरपणे कोणीही तपासले नाही. मेरी हंट यांची तळमळ खरी होती आणि त्यांच्या टीकाकारांचा सत्याग्रहही खरा होता. तरी ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता, ती मुले दोन्ही पक्षांच्या हिशेबात नव्हती.

वयोमर्यादा आणि अपघातांची नोंद

१९२० साली अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली आणि १९३३ साली ती उठली. त्यानंतर बहुतेक राज्यांनी मद्यपानासाठी २१ वर्षांची वयोमर्यादा ठरवली. १९७१ साली मतदानाचे वय १८ वर आणले गेले. अठराव्या वर्षी युद्धावर पाठवता येणाऱ्या तरुणाला मद्य पिण्याचा हक्क का नसावा, असा युक्तिवाद पुढे आला आणि १९७० ते १९७५ या काळात २९ राज्यांनी ही मर्यादा खाली आणली.

या बदलातून अभ्यासकांना अनायासे एक मोठी प्रयोगशाळा मिळाली. काही राज्यांनी वय घटवले होते, काहींनी नव्हते आणि रस्त्यावरील अपघातांच्या नोंदी सर्वत्र ठेवल्या जात होत्या. वय घटलेल्या राज्यांत तरुण चालकांचे अपघात वाढल्याचे एकामागून एक पाहण्यांतून दिसू लागले. मिशिगन राज्याने १९७२ साली मर्यादा १८ वर आणली होती. १९७८ च्या अखेरीस ती पुन्हा २१ झाली. वय वाढवल्यानंतर १८ ते २० वयोगटातील चालकांचे इजा होणारे अपघात लक्षणीयरीत्या घटल्याचे अलेक्झांडर वॅगेनार यांनी दाखवून दिले. शेजारच्या दोन राज्यांत वयोमर्यादा वेगवेगळी असली, की मुले मोटारीने सीमा ओलांडून पिण्यास जात आणि परतीच्या वाटेवर प्राणास मुकत, हेही उघड झाले.

आकड्यांना दुःखाची जोड मिळाली, तेव्हा कायदा हलला. मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली १३ वर्षांची कन्या गमावलेल्या कँडी लाइटनर यांनी १९८० साली कॅलिफोर्नियात मातांची संघटना उभी केली. १९८४ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने, २१ वर्षांची मर्यादा न स्वीकारणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीत कपात करण्याची तरतूद केली. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ती स्वीकारली. या मर्यादेमुळे दरवर्षी सुमारे ९०० जीव वाचतात, असा तेथील महामार्ग सुरक्षा विभागाचा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. एखाद्या उपायाचे फलित वाचलेल्या प्राणांत मोजण्याचे हे आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय.

लोकप्रियता म्हणजे परिणाम नव्हे

याच सुमारास, १९८३ साली, लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी तेथील शालेय विभागाच्या सहकार्याने ‘डेअर’ हा उपक्रम सुरू केला. गणवेशातील पोलीस अधिकारी पाचवी-सहावीच्या वर्गात येऊन १७ पाठ घेत. दारू, तंबाखू व अमली पदार्थांचे धोके, मित्रांच्या आग्रहाला नकार देण्याच्या रीती आणि आत्मसन्मान हे त्यांचे विषय असत. शेवटी मुले प्रतिज्ञा घेत, समारंभ होई, प्रमाणपत्रे व चिन्हांकित सदरे वाटले जात. पालक समाधानी होते, शिक्षक समाधानी होते आणि पोलिसांविषयी मुलांच्या मनात आपुलकी निर्माण होई. पाहता पाहता देशातील सुमारे तीन-चतुर्थांश शालेय विभागांत हा उपक्रम पोहोचला.

मग मोजणी झाली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोवरच्या आठ काटेकोर पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र केले गेले. मुलांची माहिती वाढली होती, सामाजिक कौशल्यांतही थोडी भर पडली होती. पण प्रत्यक्ष सेवनावरील परिणाम अत्यल्प होता. केंटकी राज्यात सुमारे १००० मुलांचा दहा वर्षांनी मागोवा घेण्यात आला. १९९९ साली जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, विसाव्या वर्षी ‘डेअर’ शिकलेल्या व न शिकलेल्या तरुणांत मद्यसेवनाच्या बाबतीत फरक आढळला नाही. २००३ साली अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने दीर्घकालीन पाहण्या तपासून असाच निर्वाळा दिला.

या निष्कर्षांचे स्वागत झाले नाही. ज्यांनी मनापासून पाठ घेतले होते, त्यांना ते अन्यायाचे वाटले. आपल्या मुलाने प्रतिज्ञा घेतली, त्याचे डोळे त्या वेळी भरून आले होते, मग हे निष्फळ कसे, असे पालकांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु दहा वर्षांच्या मुलाने दारू न पिण्याची प्रतिज्ञा करणे सोपे असते. त्या वयात त्याला कोणी आग्रह करत नाही. प्रसंग येतो तो चौदाव्या-पंधराव्या वर्षी, मित्राच्या घरी, लग्नाच्या मांडवामागे किंवा सहलीच्या मुक्कामात. त्या क्षणी त्याच्याभोवती कोण आहे, दारू किती सहज मिळते आणि मोठी माणसे काय करतात, यांवर पुष्कळ काही ठरते. ‘डेअर’च्या चालकांनीही अखेर हे स्वीकारले आणि २००९ पासून जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून दुसरा हाती घेतला. एका लोकप्रिय संस्थेने स्वतःची पद्धत बदलली, ही या मोजणीचीच फलश्रुती होय.

मिनेसोटातील गावे

मुलाला उपदेश करण्याबरोबरच त्याच्या भोवतालचा समाज बदलावा, हा विचार मिनेसोटा राज्यात कसोटीला लागला. तेथील विद्यापीठातील शेरिल पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली राज्याच्या ईशान्य भागातील २४ शालेय विभाग निवडले. या भागात मद्यपानाचे प्रमाण मोठे होते. कोणत्या विभागांत उपक्रम राबवावा आणि कोणते तुलनेसाठी ठेवावेत, हे यादृच्छिक निवडीने ठरवण्यात आले. आपल्या पसंतीची, उत्साही माणसांची गावे घेतली, तर यश उपक्रमाचे की त्या माणसांचे, हे कधीच कळत नाही. म्हणून ही काळजी घेतली गेली.

सहावीत मुलांनी आईवडिलांसह घरी पूर्ण करावयाच्या पुस्तिका दिल्या गेल्या. सातवीत वर्गातील मुलांनीच निवडलेल्या सोबत्यांनी चर्चा घडवून आणल्या. आठवीत मुलांनी आपल्या गावात दारू कोण विकतो, कोण पुरवतो, कायदा काय सांगतो, याचा शोध घेऊन गावसभेत मांडणी केली. गावोगावी नागरिकांच्या समित्या नेमल्या गेल्या. तीन वर्षांनी, आठवीच्या अखेरीस, उपक्रमाच्या विभागांत गेल्या महिन्याभरात मद्य घेतलेल्या मुलांचे प्रमाण २३.६ टक्के व तुलनेच्या विभागांत २९.२ टक्के आढळले. सहावीच्या प्रारंभी ज्यांनी मद्याला स्पर्श केला नव्हता, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता.

फरक नेत्रदीपक नव्हता, पण खरा होता. त्यापुढील नोंद अधिक महत्त्वाची आहे. नववी-दहावीत उपक्रम जवळजवळ थांबला, तेव्हा मिळवलेले अंतर नाहीसे झाले. उपक्रमातील मुले उलट अधिक वेगाने पिऊ लागली. अकरावी-बारावीत काम पुन्हा सुरू केल्यावर ही वाढ काहीशी आवरली. पुढे हाच उपक्रम, स्थानिक परिस्थितीनुसार फेरफार करून, शिकागो महानगरातील ६१ शाळांतून राबवला गेला. तेथे दारिद्र्य, वेगवेगळे वंश व भाषा आणि वारंवार घर बदलणारी कुटुंबे होती. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मद्यपानावर परिणाम झाला नसल्याचे स्पष्टपणे नमूद केले गेले. एका ठिकाणी रुजलेले रोप दुसऱ्या मातीत रुजेलच असे नाही, हे संशोधकांनी स्वतःच्या कामाविषयी प्रांजळपणे सांगितले.

मिनेसोटात व लगतच्या विस्कॉन्सिनमध्ये वॅगेनार यांनी १९९० च्या दशकात आणखी एक प्रयोग केला. १५ गावांपैकी सात गावांत संघटक नेमले गेले. त्यांचे काम मुलांमध्ये नव्हते, मोठ्या माणसांमध्ये होते. दुकानदार, पोलीस, नगरपालिका, चर्च व पालक यांना एकत्र आणून अल्पवयीनांना मिळणारी दारू थांबवणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. परिणाम तपासण्याची रीतही मार्मिक होती. वयाने सज्ञान, पण दिसण्यात लहान अशा तरुणींना दुकानांत पाठवून वयाचा पुरावा मागितला जातो का, हे पाहिले गेले. त्या राज्यातील अशा आरंभीच्या पाहण्यांत सुमारे निम्म्या वेळा पुराव्याविना दारू मिळाली होती. कायदा २१ वर्षांचा होता, दुकानावर पाटीही होती. तरी प्रत्यक्ष व्यवहार वेगळाच होता. संघटकांच्या कामानंतर वयाची विचारणा वाढल्याचे आणि १८ ते २० वयाच्या तरुणांकडून धाकट्यांना दारू पुरवली जाण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले.

वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड हॉकिन्स व रिचर्ड कॅटलानो यांनी हीच दिशा अधिक व्यवस्थित केली. प्रत्येक गावाने प्रथम स्वतःच्या मुलांची पाहणी करावी, आपल्याकडील धोके कोणते हे ओळखावे आणि मगच, ज्यांचा गुण सिद्ध झाला आहे अशा उपायांतून निवड करावी, अशी ही पद्धत होती. २००३ पासून सात राज्यांतील २४ लहान गावांत ४००० हून अधिक मुलांचा पाचवीपासून मागोवा घेतला गेला. उपक्रमाच्या गावांत आठवीपर्यंत मद्याला सुरुवात करणारी मुले कमी होती आणि बारावीत एकदाही मद्य न घेतलेल्यांचे प्रमाण अधिक होते. परंतु बारावीतील चालू महिन्याच्या सेवनात फरक राहिला नव्हता. हे दोन्ही निष्कर्ष एकाच अहवालात शेजारी शेजारी दिले गेले.

आइसलँडचा आरसा

या साऱ्या प्रयत्नांत जगाचे लक्ष सर्वाधिक वेधले ते आइसलँड या चार लाखांहून कमी वस्तीच्या बेटाने. तेथे १९८९ सालापर्यंत बिअरवर बंदी होती. १९९० च्या दशकात मात्र किशोरवयीनांचे मद्यपान युरोपात चिंतेचा विषय ठरावे, इतके वाढले. १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले गेल्या ३० दिवसांत मद्यधुंद झाल्याचे पाहणीत आढळले. शाळांतून धोक्यांची माहिती देण्याचे प्रयत्न तोवर होऊन गेले होते.

इंगा डोरा सिग्फुसडोतिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पाहण्यांतून उलटा प्रश्न विचारला : जी मुले पीत नाहीत, ती का पीत नाहीत? उत्तर साधे निघाले. ज्या मुलांना आईवडिलांचा सहवास मिळतो, जी आठवड्यातून अनेकदा संघटित खेळात किंवा कलावर्गात जातात, ज्यांना शाळेत आपली कोणी विचारपूस करते असे वाटते आणि जी रात्री उशिरा बाहेर नसतात, ती मुले कमी पितात. मग या चारही बाजूंनी काम सुरू झाले. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहू नये, हा नियम काटेकोर झाला. पालकांच्या तुकड्या रात्री वस्तीतून फेरी मारू लागल्या. राजधानी रेक्याविकमध्ये २००७ पासून प्रत्येक मुलामागे खेळ व छंदवर्गांसाठी वार्षिक रक्कम दिली जाऊ लागली. आठवड्यातून चार वा अधिक वेळा संघटित खेळात भाग घेणाऱ्या मुलांचे प्रमाण १९९७ ते २०१२ या काळात २४ वरून ४२ टक्क्यांवर आणि आईवडिलांसोबत बराच वेळ घालवणाऱ्यांचे प्रमाण २३ वरून ४६ टक्क्यांवर गेले. २०१६ साली मद्यधुंद होणाऱ्या मुलांचे प्रमाण ५ टक्क्यांवर आले.

आइसलँडचे खरे बळ नियमित पाहणीत आहे. मुले नाव न लिहिता प्रश्नावली भरतात आणि काही आठवड्यांतच प्रत्येक शाळेला तिचा स्वतःचा निकाल मिळतो. शाळा, पालक व नगरपालिका तो समोर ठेवून पुढचे पाऊल ठरवतात. तरीही सावध अभ्यासक एक आक्षेप नोंदवतात. येथे तुलनेसाठी वेगळे ठेवलेले गाव नव्हते आणि याच काळात अनेक देशांतील किशोरांचे मद्यपान घटत होते. अमेरिकेत बारावीच्या मुलांपैकी गेल्या महिन्याभरात मद्य घेतलेल्यांचे प्रमाण १९७९ साली सुमारे ७२ टक्के होते, ते २०२३ मध्ये सुमारे २४ टक्क्यांवर आले आणि या घटीचे श्रेय कोणत्याही एका उपक्रमाला देता येत नाही. आइसलँडचे काम अनुकरणीय आहे, पण त्याच्या यशातील किती भाग त्याचा स्वतःचा, हा प्रश्न खुला ठेवणेच सत्यास धरून होईल.

भारतातील एक धागा

हा सर्व इतिहास दूरदेशीचा वाटला, तरी त्याचा एक धागा भारतापर्यंत आला आहे. मिनेसोटात काम केलेल्या शेरिल पेरी यांनी भारतीय सहकाऱ्यांसह २००४ ते २००६ या काळात दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांतून तंबाखूविरोधी उपक्रमाची अशीच कसोटी घेतली. विषय मद्याचा नव्हता, पण पद्धत तीच होती : सहावी व आठवीची मुले, सोबत्यांनी घेतलेल्या चर्चा, पालकांसाठी मजकूर आणि तुलनेसाठी वेगळ्या शाळा. दोन वर्षांनी तुलनेच्या शाळांत तंबाखूसेवन ६८ टक्क्यांनी वाढलेले, तर उपक्रमाच्या शाळांत १७ टक्क्यांनी घटलेले आढळले. भारतीय शाळांतही अशी मोजणी शक्य आहे आणि ती उपयोगी ठरते, याचा हा पुरावा आहे.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत कडक मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. अमेरिकेहूनही ती चार वर्षांनी अधिक. परंतु मिनेसोटाच्या दुकानांनी शिकवलेला धडा येथेही लागू आहे. कायद्यातील वय आणि गल्ल्यावर विचारले जाणारे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर किती, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

संस्थेचे प्रतिक्रमण

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या प्रवासातून काही गोष्टी स्थिर झाल्या आहेत. केवळ भय दाखवून किंवा केवळ माहिती देऊन मुले थांबत नाहीत. एकदा घेतलेली प्रतिज्ञा आयुष्यभर पुरत नाही. संस्काराची साखळी तुटली, की लाभ ओसरतो. मुलाला वाचवायचे तर त्याच्या सभोवतालच्या मोठ्या माणसांना बदलावे लागते, कारण दारू मुलांच्या हाती बहुधा मोठ्यांकडूनच पोहोचते. आणि जे एका गावी फळले ते दुसऱ्या गावी फळेलच, असे गृहीत धरता येत नाही.

धार्मिक व सामाजिक संस्थांच्या वार्षिक अहवालांत शिबिरांची संख्या, उपस्थिती व भरलेली संकल्पपत्रे यांची नोंद असते. ती असावीच, ते कार्यकर्त्यांचे श्रम आहेत. पण ती नोंद श्रमांची आहे, फळाची नाही. फळ जाणायचे असेल, तर शिबिरापूर्वी व शिबिरानंतर, आणि पुन्हा वर्षा-दोन वर्षांनी, मुलांना नाव न विचारता प्रश्न विचारावे लागतील. जेथे उपक्रम झाला नाही, तेथील मुलांशी तुलना करावी लागेल. उत्तर मनासारखे आले नाही, तर मुलांवर रोष न धरता पद्धत बदलावी लागेल. या कामाला मोठा निधी लागत नाही. प्रश्नावली, संयम आणि अप्रिय सत्य वाचण्याची तयारी मात्र लागते. ‘आपल्या मुलांत हे नाहीच’ ही समजूत त्यातील सर्वांत मोठा अडसर ठरू शकते. ज्या घरात ही समजूत पक्की असते, तेथील मूल अडचणीत सापडले तर ते सांगणार तरी कोणाला?

सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या आयुष्यातील गौरवाचा क्षण असतो आणि सिंहावलोकनाचाही. मेरी हंट यांच्या पुस्तकांपासून आइसलँडच्या प्रश्नावलीपर्यंतचा इतिहास एवढेच सांगतो, की सद्‌हेतूने केलेले कामही तपासून घ्यावे लागते, आणि ते तपासणाऱ्यांनी त्या कामाचा अवमान केलेला नसतो. श्रावक दर संवत्सरीला आपल्या दोषांची आलोचना करतो, ती व्रत अधिक निर्मळ व्हावे म्हणून. संस्थेनेही तेच करावे. पुढील पन्नास वर्षांत किती शिबिरे झाली, याच्या नोंदीशेजारी किती मुले पंधराव्या, अठराव्या, विसाव्या वर्षी खरोखर व्यसनापासून दूर राहिली, हा दुसरा रकाना असावा. पहिल्या काही वर्षी तो रकाना भरताना हात अडखळेल. तरीही तो भरावा, कारण त्यातील प्रत्येक आकड्यामागे एखाद्या घरातील मूल आहे.